कपातीच्या यादीत कोणाचे नाव? : व्यावसायिक रग्बीविषयी वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

गेल्या अंकात आम्ही मुख्यतः दक्षिण गोलार्धातील संघांच्या सुपर रग्बी या व्यावसायिक स्पर्धेतून वगळल्या गेलेल्या संघांविषयी एक लहान टिपण छापले होते. स्पर्धा आटोपशीर करायची हे आधी ठरते आणि कोणाला वगळायचे याचा शोध त्यानंतर सुरू होतो, एवढाच त्याचा आशय होता. त्यावर ऑस्ट्रेलिया आणि ब्रिटनमध्ये राहणाऱ्या मराठी वाचकांची बरीच पत्रे आली, आणि येथील वाचकांनीही काही मूलभूत शंका विचारल्या. त्यांतील निवडक प्रश्नांना या वेळी उत्तरे देत आहोत.

माझा मुलगा येथील एका उपनगरातील क्लबात रग्बी खेळतो. २०१७ साली वेस्टर्न फोर्स हा पर्थचा संघ बंद झाला, तेव्हा आम्ही येथे राहत नव्हतो. परंतु सरावाच्या वेळी भेटणारे जुने पालक अजूनही त्याबद्दल संतापाने बोलतात. त्या वर्षी मेलबर्नचा संघ तळाला होता आणि तरीही फोर्सला काढले, असे ते म्हणतात. हे खरे आहे का? आणि खरे असेल, तर फोर्सच का? (एक वाचक, पर्थ)

ते खरे आहे. २०१७ च्या हंगामात ऑस्ट्रेलियाच्या पाच संघांमध्ये फोर्स २६ गुणांसह दुसऱ्या क्रमांकावर होता. ब्रिस्बेनचा रेड्स आणि सिडनीचा वाराटाज हे दोन्ही जुने, नावाजलेले संघ त्याच्या खाली होते, आणि मेलबर्नचा रेबेल्स केवळ एक सामना जिंकून ९ गुणांसह शेवटी होता. तरीही ११ ऑगस्ट २०१७ रोजी ऑस्ट्रेलियन रग्बी युनियनने फोर्सचा परवाना रद्द केल्याचे जाहीर केले. तेथील पालकांचा राग समजून घ्यायचा, तर या निर्णयाची वाट थोडी मागून पाहावी लागते.

सुपर रग्बी १९९६ मध्ये बारा संघांनिशी सुरू झाली. न्यूझीलंडचे पाच, दक्षिण आफ्रिकेचे चार आणि ऑस्ट्रेलियाचे तीन संघ तिच्यात होते. २००६ मध्ये पर्थचा फोर्स आणि ब्लूमफाँटेनचा चीताज आले, २०११ मध्ये मेलबर्नचा रेबेल्स आला, आणि २०१६ मध्ये तर अर्जेंटिनाचा हाग्वारेस, जपानचा सनवुल्व्हज आणि दक्षिण आफ्रिकेचा किंग्ज असे तीन संघ एकदम घेऊन संख्या अठरावर नेण्यात आली. प्रत्येक वाढीमागचा हेतू एकच होता: अधिक संघ म्हणजे अधिक सामने, आणि अधिक सामने म्हणजे दूरचित्रवाणीच्या हक्कांसाठी अधिक पैसे. परंतु ब्यूनोस आयर्सपासून टोकियोपर्यंत पसरलेल्या स्पर्धेत चाहत्याला आपल्या संघाचा सामना पहाटे पाहायचा की मध्यरात्री, हेच कळेनासे झाले. गटांची रचना इतकी किचकट होती की २०१७ मध्ये सहा सामने जिंकलेल्या कॅनबेराच्या ब्रम्बीजला उपान्त्यपूर्व फेरीचा सामना घरच्या मैदानावर मिळाला, आणि त्याच्याहून कितीतरी अधिक गुण मिळवलेल्या न्यूझीलंडच्या संघांना मात्र प्रवास करावा लागला.

९ एप्रिल २०१७ रोजी स्पर्धेच्या संयुक्त मंडळाने संख्या पुन्हा पंधरावर आणण्याचे जाहीर केले. दक्षिण आफ्रिकेने दोन संघ आणि ऑस्ट्रेलियाने एक संघ कमी करायचा, असे ठरले. दुसऱ्याच दिवशी ऑस्ट्रेलियन युनियनने निवड फोर्स आणि रेबेल्स या दोघांत होईल असे सांगितले, आणि ४८ ते ७२ तासांत निर्णय देण्याची ग्वाही दिली. प्रत्यक्षात निर्णय यायला चार महिने लागले. या चार महिन्यांत दोन्ही संघ खेळत होते, खेळाडूंना पुढल्या वर्षीचे करार करता येत नव्हते, प्रायोजक थांबून राहिले होते आणि प्रशिक्षक दर आठवड्याला पत्रकारांना तीच उत्तरे देत होते. या साऱ्या प्रकरणातील सर्वांत मोठा अन्याय मला याच प्रतीक्षेत दिसतो, कारण संघ बंद होण्यापूर्वीच तो आतून पोखरला जात होता.

आता फोर्सच का, या प्रश्नाकडे येतो. गुणतक्त्यात त्याचे उत्तर नाही, कराराच्या कागदात आहे. फोर्स आर्थिक अडचणीत सापडला असताना, २०१६ मध्ये, युनियनने त्याचा परवाना स्वतःकडे घेतला होता आणि पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या रग्बी संघटनेशी एक भागीदारीचा करार केला होता. हा करार २०२० पर्यंत, म्हणजे चालू प्रक्षेपण कराराच्या अखेरीपर्यंत, आपले रक्षण करील अशी पर्थकरांची समजूत होती. युनियनचे म्हणणे असे की संघांची संख्या बदलल्याने प्रक्षेपणाचा करारच नव्याने ठरला, आणि त्यामुळे हे संरक्षण संपले. लवादाने युनियनच्या बाजूने निकाल दिला आणि सप्टेंबरमध्ये न्यू साउथ वेल्सच्या सर्वोच्च न्यायालयाने पर्थचे अपील फेटाळले. रेबेल्सचा परवाना मात्र त्या काळात खासगी मालकाच्या हाती होता, त्यामुळे त्याला हात लावणे कायद्याने अवघड आणि खर्चिक होते. थोडक्यात, अडचणीच्या वेळी ज्याने मध्यवर्ती संस्थेची मदत स्वीकारली, तोच संघ वगळायला सर्वांत सोपा ठरला.

त्या हंगामातील शेवटच्या सामन्यात फोर्सने पर्थच्या मैदानावर वाराटाजचा ४०–११ असा पराभव केला, आणि निवृत्त होणाऱ्या मॅट हॉजसनने सामन्याची अखेरची किक मारली. त्या वेळी निकाल लागायचा होता, परंतु मैदानावरील कोणालाही फारशी आशा उरली नव्हती. चाहत्यांनी संघाचे भाग विकत घेण्याची मोहीम चालवली होती, आणि खाण उद्योगपती अँड्रयू फॉरेस्ट यांनी ऑस्ट्रेलियन रग्बीला ५ कोटी डॉलर देऊ केले होते. ते स्वीकारले गेले नाहीत. पुढे ऑस्ट्रेलियन सिनेटच्या समितीने या संपूर्ण प्रकरणाची चौकशी केली, परंतु तोवर संघ स्पर्धेबाहेर गेला होता.

फोर्स टिकला तो फॉरेस्ट यांच्या पैशावर. त्यांनी आशिया आणि प्रशांत महासागरातील संघांशी सामन्यांची वेगळी मालिका उभी केली आणि पर्थमधील व्यावसायिक रग्बीची जागा मोकळी पडू दिली नाही. २०२० मध्ये महासाथीमुळे सीमा बंद झाल्या, ऑस्ट्रेलियाला देशांतर्गत स्पर्धा घ्यावी लागली, संघ कमी पडले आणि फोर्सला परत बोलावण्यात आले. आपला मुलगा ज्या क्लबात खेळतो, त्याच्यापुढे आज एक व्यावसायिक संघ आहे, तो असा.

फुटबॉलमध्ये तळाचे संघ खालच्या श्रेणीत जातात आणि खालचे वर येतात. रग्बीत हा सरळ मार्ग का नाही? (एक महाविद्यालयीन विद्यार्थी, पुणे)

काही ठिकाणी तो आहे, किंवा होता. इंग्लंड आणि फ्रान्समध्ये श्रेणींची उतरंड आहे. मात्र इंग्लंडमध्ये वर येणाऱ्या क्लबाच्या मैदानाची क्षमता आणि सोयी यांविषयीच्या अटींमुळे ही वाट अलीकडे जवळजवळ बंद राहिली आहे. सुपर रग्बी मात्र पहिल्यापासून बंदिस्त स्पर्धा आहे. तिच्या खाली तेवढ्याच पगाराची, तेवढ्याच प्रवासाची दुसरी श्रेणी नाही, त्यामुळे वगळलेल्या संघाला उतरायला पायरीच नसते. हाग्वारेसचे उदाहरण पाहावे. २०१९ मध्ये हा संघ अंतिम सामन्यापर्यंत पोहोचला आणि क्राइस्टचर्चमध्ये क्रुसेडर्सकडून १९–३ असा हरला. एका वर्षाने महासाथीत स्पर्धेची पुनर्रचना झाली तेव्हा या उपविजेत्याला तिच्यात जागाच नव्हती, आणि अर्जेंटिनाच्या राष्ट्रीय संघाचा जवळजवळ सारा गाभा युरोपातील क्लबांमध्ये विखुरला. फुटबॉलमध्ये शेवटून दुसरा आलेला संघ सुद्धा पुढल्या वर्षी कोठेतरी खेळतो. बंदिस्त स्पर्धेत दुसऱ्या क्रमांकावर आलेल्या संघालाही ती खात्री नसते.

संघ कमी केल्यास उरलेल्या संघांत चांगले खेळाडू एकवटतील आणि दर्जा वाढेल, हा युक्तिवाद मला तरी पटतो. आपण त्याकडे फार भावनेने पाहता असे वाटते. (एक निवृत्त प्राध्यापक, नागपूर)

हा युक्तिवाद पोकळ नाही, आणि २०१७ मध्ये त्याला मोठा आधार होता. त्या हंगामात ऑस्ट्रेलियाच्या पाच संघांनी न्यूझीलंडच्या संघांविरुद्ध २६ सामने खेळले आणि सर्व गमावले. पाच संघांना पुरतील इतके दर्जेदार खेळाडू देशात नाहीत, असे तेव्हा जाणकारही म्हणत होते. फोर्स गेल्यावर त्याचे अनेक खेळाडू इतर संघांत, विशेषतः रेबेल्समध्ये गेले, आणि रेबेल्स काही काळ सुधारला हेही खरे. न्यूझीलंडविरुद्धची पराभवांची मालिका मे २०१८ मध्ये, सलग ४० पराभवांनंतर, वाराटाजने संपवली.

परंतु कपातीचे समर्थन करताना केवळ दर्जाचा मुद्दा मांडला गेला नव्हता. चार संघांवर खर्च केल्यास खेळाचे अर्थकारण सावरेल, असे सांगितले गेले होते, आणि मला हिशेब तेथे मागावासा वाटतो. ज्या रेबेल्सला वाचवण्यासाठी फोर्सचा बळी दिला, तोच रेबेल्स सात वर्षांनी कर्जात बुडून बंद पडला. रग्बी ऑस्ट्रेलियाने (ऑस्ट्रेलियन रग्बी युनियनचेच हे नवे नाव) २०२४ च्या वर्षात ३ कोटी ६८ लाख डॉलरची तूट दाखवली. म्हणजे एक संघ काढला, संघ कमी पडल्यावर तो परत घेतला, मग दुसरा काढला, आणि तरी मूळ रोग जागच्या जागीच राहिला. हा रोग संघांच्या संख्येत नाही. मध्यवर्ती संस्था आणि संघ यांच्यात प्रक्षेपणाचा पैसा कसा वाटायचा, राष्ट्रीय संघाच्या सामन्यांचे उत्पन्न खाली किती झिरपू द्यायचे, आणि लीग रग्बी (तेरा-तेरा खेळाडूंचा वेगळा खेळ) व ऑस्ट्रेलियन फुटबॉल यांसारख्या श्रीमंत खेळांशी खेळाडूंसाठी बोली कशी लावायची, हे प्रश्न संघ पाच असले तरी तेच आहेत आणि चार असले तरी तेच.

दक्षिण आफ्रिकेत वगळलेल्या दोन संघांची वाटचालही येथे पाहण्यासारखी आहे. चीताज आणि किंग्ज यांना २०१७ मध्येच युरोपच्या प्रो १४ स्पर्धेत जागा मिळाली, त्यामुळे सुरुवातीला सर्व काही सुखरूप पार पडल्यासारखे दिसले. २०२० मध्ये दक्षिण आफ्रिकेचे मोठे चार संघच सुपर रग्बी सोडून युरोपच्या त्या स्पर्धेकडे जाण्यास निघाले आणि या दोघांची जागा गेली. किंग्जचे दिवाळे निघाले. चीताजने तग धरला, युरोपच्या चॅलेंज कप स्पर्धेत ‘घरचे’ सामने इटलीतील पार्मा येथे खेळले, आणि २०२३ मध्ये देशाची मानाची करी कप स्पर्धा जिंकली. ज्या संघाला आपल्या देशाच्या सर्वोच्च स्पर्धेचे विजेतेपद मिळते, त्याला आंतरराष्ट्रीय स्पर्धेत स्वतःच्या गावी सामना खेळता येत नसेल, तर वगळण्याच्या वेळी दर्जाचा निकष लावला होता असे म्हणणे कठीण जाते.

आम्ही मेलबर्नच्या पश्चिमेला टार्नेट येथे राहतो. रेबेल्स आमच्या भागात येणार अशी चर्चा होती आणि मुले फार उत्साहात होती. मग अचानक सारे संपले. संघ पुन्हा उभा राहण्याची काही शक्यता आहे का? (एक वाचक, मेलबर्न)

टार्नेटची ती चर्चा खरी होती. जानेवारी २०२४ मध्ये रेबेल्सचा कारभार प्रशासकाच्या हाती गेला. देणी २ कोटी ३० लाख ऑस्ट्रेलियन डॉलरहून अधिक होती, आणि त्यांतील मोठा भाग कर खात्याचा होता. त्यानंतर मेलबर्नमधील एका उद्योजक गटाने संघ वाचवण्याची योजना मांडली. शहराच्या मध्यातील भाड्याच्या मोठ्या मैदानाऐवजी टार्नेटमध्ये लहान, स्वस्त मैदानावर खेळायचे आणि वेगाने वाढणाऱ्या पश्चिम उपनगरांतील नव्या वस्तीला संघाशी जोडायचे, असा तिचा गाभा होता. त्या वस्तीत भारतातून आलेल्या कुटुंबांची संख्या मोठी आहे हे आपण जाणताच, आणि आपली मुले नेमकी त्या योजनेच्या मनातली मुले होती. योजनेतील पैशाची खात्री पटत नाही, असे कारण देऊन रग्बी ऑस्ट्रेलियाने मे २०२४ च्या अखेरीस तिला नकार दिला आणि २०२५ पासून रेबेल्स नसेल असे जाहीर केले.

त्या वेळी हंगाम चालू होता. संघ आठ संघांच्या बाद फेरीत पोहोचला, आणि आपण आता अस्तित्वातच राहणार नाही हे माहीत असलेल्या त्या खेळाडूंनी वेलिंग्टनला जाऊन हरिकेन्सविरुद्ध उपान्त्यपूर्व सामना खेळला. ते हरले. सुपर रग्बीच्या मुख्य स्पर्धेत या संघाने बाद फेरी गाठण्याची ती पहिली वेळ होती.

शक्यतेविषयी प्रामाणिकपणे सांगायचे, तर नजीकच्या काळात ती कमी दिसते. एकदा संघ बंद पडला की त्याच्याबरोबर सरावाची जागा, प्रशिक्षक, वैद्यकीय चमू, तिकीटधारकांची यादी आणि प्रायोजकांशी असलेले संबंध जातात. हे सर्व पुन्हा जमवण्याचा खर्च चालू संघ सावरण्याच्या खर्चाहून बहुधा अधिक असतो. फोर्स परत आला, कारण मधल्या वर्षांत एका व्यक्तीने ही सारी व्यवस्था स्वतःच्या खर्चाने जिवंत ठेवली होती. मेलबर्नमध्ये उद्योजकांचा गट पुढे आला, परंतु त्याला संधीच मिळाली नाही.

मात्र प्रेक्षक नाहीत, हे कारण मेलबर्नबाबत कोणी देऊ नये. २६ जुलै २०२५ रोजी ब्रिटिश आणि आयरिश लायन्स या निवडक खेळाडूंच्या संघाविरुद्ध ऑस्ट्रेलियाचा दुसरा कसोटी सामना मेलबर्न क्रिकेट मैदानावर झाला, तेव्हा ९०,३०७ प्रेक्षक उपस्थित होते. ज्या शहराचा व्यावसायिक संघ आदल्या वर्षी बंद केला, त्या शहरातली ही गर्दी आहे. एका दिवसाच्या सोहळ्याला येणारे सगळे दर पंधरवड्याला येणार नाहीत हे मान्य केले, तरी त्यांच्यापैकी काही हजारांना बांधून ठेवणारा संघ आता तेथे नाही. २०२७ ची विश्वचषक स्पर्धा ऑस्ट्रेलियात आहे, मेलबर्न यजमान शहरांपैकी एक आहे, आणि उद्घाटनाचा सामना पर्थला आहे. मुलांना त्यासाठी जरूर न्यावे, आणि तोवर तेथील स्थानिक क्लबात खेळू द्यावे; शहरात पुन्हा कधी संघ उभा राहिला, तर तो याच क्लबांतून राहील.

संघ बंद झाल्यावर खेळाडूंचे नेमके काय होते? त्यांचे करार तर असतातच ना? (एक वकील वाचक, नाशिक)

करार असतो, परंतु तो कोणाशी आहे हे पाहावे लागते. इंग्लंडमधील वुस्टर वॉरियर्स हा क्लब २६ सप्टेंबर २०२२ रोजी निलंबित झाला. खेळाडूंचे करार क्लबाच्या मुख्य कंपनीशी नव्हते, खेळाडूंसाठी काढलेल्या एका वेगळ्या लहान कंपनीशी होते. थकलेल्या करापोटी न्यायालयाने ती कंपनी ऑक्टोबरच्या सुरुवातीला गुंडाळली आणि त्या एका आदेशाने सर्व खेळाडू करारमुक्त झाले. करारमुक्त हा शब्द ऐकायला बरा वाटतो. त्याचा अर्थ पुढल्या महिन्याचा पगार नाही असा होता. त्याच महिन्यात वॉस्प्स हा सहा वेळा लीग जिंकलेला क्लब बुडाला आणि १६७ खेळाडू व कर्मचारी एका दिवसात कामावरून कमी झाले. जून २०२३ मध्ये लंडन आयरिशचीही तीच गत झाली, आणि तेरा संघांची प्रीमियरशिप दहांवर आली. इंग्लंडमध्ये कोणी कपात ठरवली नव्हती. कर्जानेच ती केली.

नामवंतांना ठिकाण मिळते. वुस्टरचे ऑली लॉरेन्स आणि टेड हिल बाथला गेले. रेबेल्सचा राष्ट्रीय खेळाडू कार्टर गॉर्डन तर हा खेळच सोडून लीग रग्बीच्या गोल्ड कोस्ट टायटन्स संघात गेला, म्हणजे कपातीने वाचवायचे ठरवलेली गुणवत्ताच दुसऱ्या खेळाकडे गेली. खरी अडचण मधल्या फळीची होते. इंग्लंडमध्ये प्रत्येक क्लबाच्या एकूण पगारांवर मर्यादा आहे आणि त्या हंगामात ती ५० लाख पौंड होती. हंगाम सुरू झाल्यावर बहुतेक क्लबांची मर्यादा संपत आलेली असते. अशा वेळी एकाच बाजारात पन्नास-साठ खेळाडू एकदम आले, की त्यांना निम्म्या पैशांत, परदेशात किंवा अर्धव्यावसायिक श्रेणीत खेळावे लागते. परदेशी खेळाडूच्या बाबतीत व्हिसा नोकरीला जोडलेला असतो, त्यामुळे त्याच्या घरभाड्यापासून मुलांच्या शाळेपर्यंत सर्व एका महिन्यात अनिश्चित होते. अकादमीतील अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलांबद्दल तर वर्तमानपत्रांत ओळही येत नाही.

वकील म्हणून आपल्या लक्षात येईल की यावरचे उपाय अवघड नाहीत. खेळाडूंच्या पगारासाठी काही महिन्यांची रक्कम तारण म्हणून लीगकडे आधीच जमा करून घेणे, आणि क्लबाच्या मालकांचे हिशेब बाहेरच्या तपासनिसाकडून दरवर्षी तपासून घेणे, या दोन अटी २०२२ पूर्वी कठोरपणे लागू असत्या, तर निदान पडझड एका रात्रीत झाली नसती.

वेल्समध्ये सध्या चार संघांचे तीन करण्याचे चालले आहे. आम्ही स्वान्सीत राहतो आणि ऑस्प्रीजचे सामने पाहतो. आमच्या संघाचे काय होईल? (एक वाचक, स्वान्सी)

ऑगस्ट २०२५ मध्ये वेल्श रग्बी युनियनने चर्चेसाठी मांडलेल्या प्रस्तावात चारांचे दोनच संघ करण्याचा पर्याय होता. चाहत्यांच्या विरोधानंतर ऑक्टोबरमध्ये तीन संघांचा निर्णय जाहीर झाला: एक परवाना कार्डिफसाठी, एक पूर्वेसाठी आणि एक पश्चिमेसाठी. पूर्वेला न्यूपोर्टचा ड्रॅगन्स हा एकच संघ आहे. पश्चिमेला मात्र आपला ऑस्प्रीज आणि पंधरा-वीस किलोमीटरवरच्या लनेथ्लीचा स्कार्लेट्स असे दोन आहेत, म्हणून आराखड्याने नाव न घेताही टांगती तलवार या दोघांवरच ठेवली.

पर्थच्या उत्तरात ज्या कागदांचा उल्लेख केला, तसाच कागद येथेही आहे. एप्रिल २०२५ मध्ये कार्डिफ आर्थिक संकटात सापडला तेव्हा युनियनने तो स्वतःच्या ताब्यात घेतला. त्यानंतर संघांना मिळणाऱ्या निधीचा नवा करार आला, त्यावर कार्डिफ आणि ड्रॅगन्स यांनी सही केली, आणि ऑस्प्रीज व स्कार्लेट्स यांनी केली नाही. एका प्रतिस्पर्ध्याला युनियनच चालवत असेल तर वाटप न्याय्य कसे राहील, ही त्यांची शंका मला रास्त वाटते. युनियनची बाजूही ऐकावी लागते: राष्ट्रीय संघ सलग १८ कसोटी सामने हरला होता, चार संघांना पुरेसा पैसा नाही, आणि विखुरलेल्या निधीत एकही संघ बलवान होत नाही.

वेल्सने हा प्रयोग एकदा केला आहे. २००३ मध्ये जुने क्लब एकत्र करून पाच प्रादेशिक संघ काढले, आणि पॉन्टिप्रिड व ब्रिजेंड यांच्या पट्ट्यातील केल्टिक वॉरियर्स हा संघ एका हंगामातच बंद केला. त्या खोऱ्यांतील लोक शेजारच्या संघाचे चाहते होतील असा हिशेब होता. बरेच जण झाले नाहीत. ते आपल्या गावच्या क्लबाकडे परतले किंवा व्यावसायिक रग्बी पाहणेच त्यांनी सोडले. ऑस्प्रीज आणि स्कार्लेट्स यांचे एकत्रीकरण झाले किंवा एकाला वगळले, तर उरलेल्या संघाला दुप्पट प्रेक्षक मिळतील असे गृहीत धरणाऱ्यांनी त्या पट्ट्यात जाऊन विचारपूस करावी. चाहता म्हणून आपल्या हाती असलेली गोष्ट एवढीच, की पुढील हंगामाचे तिकीट घेताना क्लबाकडे लेखी विचारावे: परवान्याचा निर्णय कोणत्या तारखेपर्यंत, कोणत्या निकषांवर होणार आहे, आणि संघ न राहिल्यास आगाऊ भरलेल्या पैशांचे काय होईल. असे प्रश्न शेकड्यांनी आले, तर पर्थसारखी चार महिन्यांची टांगणी लावणे युनियनला कठीण जाईल.

मुंबईत आता रग्बी प्रीमियर लीग सुरू झाली आहे. तेथेही असे संघ बंद पडण्याचा धोका आहे का? भारतात पूर्वी असे कधी घडले आहे का? (एक वाचक, अंधेरी)

आपल्या घराजवळच, अंधेरीच्या शहाजीराजे भोसले क्रीडा संकुलात, जून २०२५ मध्ये या लीगचा पहिला हंगाम झाला. सहा संघ, सात-सात खेळाडूंचा जलद प्रकार, आणि सर्व सामने एकाच मैदानावर, असे त्या हंगामाचे स्वरूप होते. पहिले विजेतेपद चेन्नई बुल्सने मिळवले. अशा रचनेत संघ बंद करणे फार सोपे असते, कारण संघाचे नाव शहराचे असले तरी त्या शहरात त्याचे मैदान, अकादमी किंवा बारा महिने काम करणारे कर्मचारी असतातच असे नाही. चेन्नईच्या मुलांनी आपला विजेता संघ मुंबईत खेळताना पडद्यावरच पाहिला.

भारतात पूर्वी घडले आहे, आणि त्याची आठवण जगभर दरवर्षी निघते. १८७२ च्या नाताळात कोलकात्यात रग्बी सुरू झाली, पुढच्या जानेवारीत कलकत्ता फुटबॉल क्लब स्थापन झाला, आणि खेळाडू पुरवणारी ब्रिटिश पलटण हलल्यावर व सभासद पोलो-टेनिसकडे वळल्यावर काही वर्षांतच तो ओस पडला. सभासदांनी क्लबाच्या खात्यात उरलेले २७० चांदीचे रुपये काढून ते वितळवले, त्यांचा चषक घडवला आणि १८७८ मध्ये इंग्लंडच्या रग्बी युनियनला दिला. इंग्लंड आणि स्कॉटलंड आजही ज्यासाठी खेळतात तो कलकत्ता कप हाच. मुंबईत मात्र १८७५ मध्ये स्थापन झालेल्या बॉम्बे जिमखान्याने रग्बी टिकवली, कारण तेथे मैदान स्वतःचे होते आणि खेळणारे पुढे स्थानिक झाले.

ओडिशा, बिहार, महाराष्ट्र या राज्यांतून आज खेळाडू घडत आहेत, आणि मुलींचे संघ त्यांत पुढे आहेत. लीगच्या चालकांनी प्रत्येक संघमालकाला त्याच्या शहरात किमान एक मैदान आणि मुला-मुलींचे एक वर्षभराचे केंद्र चालवण्याची अट घालावी, आणि ती पाळणाऱ्या संघाला मालक बदलला तरी परवाना कायम राहील असे आताच, संघ सहाच असताना, लिहून द्यावे. या अटी नंतर घालणे जमत नाही. पर्थ आणि स्वान्सी येथील वाचकांना ज्या करारांनी अडचणीत आणले, ते सर्व अडचण आल्यावर केलेले करार होते.